लायब्ररी ऑफ बर्मिंगहॅम : देखणी इमारत, निम्मे तास

लायब्ररी ऑफ बर्मिंगहॅम हे मी पाहिलेल्या सार्वजनिक ग्रंथालयांपैकी सर्वांत सुंदर ग्रंथालय आहे आणि तिथला कर्मचारीवर्ग त्या वास्तूला शोभेल असाच आहे. तरीही या सेवेला पूर्ण गुण देणे मला शक्य होत नाही. हे गुण ग्रंथपालांच्या कामामुळे जात नाहीत. ब्रिटनच्या पक्षनेत्यांनी २०१० पासून निवडणुकीवर डोळा ठेवून सार्वजनिक खर्चाला जी कात्री लावली, तिचा हिशेब या ग्रंथालयाच्या दारावरच्या वेळापत्रकात सरळ वाचता येतो, आणि गुण जातात ते तिथे. म्हणूनच हे परीक्षण जितके ग्रंथालयाचे आहे, तितकेच त्या राजकारणाचेही आहे.

आधी वास्तूविषयी. न्यू स्ट्रीट स्थानकातून पायी निघाले की पंधरा मिनिटांच्या आत सेंटेनरी चौक येतो. ट्रामने आल्यास थांब्याचे नावच ‘लायब्ररी’ आहे. मेकानू या डच संस्थेच्या फ्रान्सिन हाउबेन यांनी ही इमारत रचली. सोनेरी, रुपेरी आणि काचेच्या भिंतींवर एकमेकांत गुंतलेल्या धातूच्या वर्तुळांची जाळी आहे, आणि ऊन पडले की त्या वर्तुळांच्या सावल्या आतल्या फरशीवर व वाचनाच्या मेजांवर उतरतात. शेजारच्या बर्मिंगहॅम रेप या नाट्यगृहाशी ग्रंथालयाचे प्रवेशदालन जोडलेले आहे, त्यामुळे नाटकाला आलेला माणूस सहज पुस्तकांकडे वळतो. मध्यभागी उंच गोलाकार पोकळी आहे. तिच्या कडेने कपाटांच्या रांगा वर चढत जातात आणि सरकत्या जिन्यांवरून जाणाऱ्याला प्रत्येक टप्प्यावर पुस्तकांचे नवे वर्तुळ दिसते. मुलांचा विभाग तळाशी आहे. तिसऱ्या आणि सातव्या मजल्यांवर झाडे लावलेल्या गच्च्या आहेत. अगदी वर सोनेरी घुमटात जुन्या ग्रंथालयातून उचलून आणलेली १८८२ ची शेक्सपिअर स्मृतिखोली आहे. तिच्या लाकडी कपाटांवरचे फुलापानांचे कोरीवकाम जवळून पाहिल्यावर एकोणिसाव्या शतकातल्या या कारखानदारांच्या शहराला आपल्या नागरिकांच्या वाचनाविषयी किती आस्था होती, हे वेगळे सांगावे लागत नाही.

संग्रहही तितकाच मोलाचा आहे. शेक्सपिअरच्या नाटकांच्या १६२३ च्या पहिल्या संकलित आवृत्तीची एक प्रत इथे आहे. वाफेच्या इंजिनाने जग बदलणाऱ्या मॅथ्यू बोल्टन आणि जेम्स वॉट यांच्या कारखान्याची कागदपत्रे इथल्या अभिलेखागारात जपलेली आहेत. औद्योगिक क्रांतीचा अभ्यास करणाऱ्याने हा ठेवा पाहायलाच हवा, मात्र त्यासाठी आधी वेळ ठरवून जावे.

परंतु ग्रंथालयाची खरी परीक्षा दुर्मीळ ग्रंथांनी होत नाही. सदस्यत्व विनामूल्य आहे. अनामत, मासिक वर्गणी आणि शासकीय अनुदान यांवर चालणाऱ्या महाराष्ट्रातील सार्वजनिक वाचनालयांची सवय असलेल्या मराठी माणसाला याचे अप्रूप वाटते. एका दुपारी माझ्या शेजारच्या संगणकावर एक वयस्क बाई युनिव्हर्सल क्रेडिट या सरकारी भत्त्याचा अर्ज भरत होत्या. हा अर्ज सहसा इंटरनेटवरूनच करावा लागतो. त्या प्रत्येक रकान्यापाशी अडत होत्या, आणि ग्रंथालयातील एक तरुण कर्मचारी खुर्ची ओढून त्यांच्याजवळ बसला होता. तो स्वतः कळफलकाला हात लावत नव्हता. प्रश्न मोठ्याने वाचून दाखवत होता, त्याचा अर्थ सांगत होता आणि उत्तर त्यांनाच टंकू देत होता. पलीकडे विद्यार्थी अभ्यास करत होते, आणि ज्यांच्या घरी तापवण्याची सोय परवडत नाही असे काही वृद्ध वर्तमानपत्र घेऊन बसले असावेत, असे त्यांच्या अंगावरच्या कोटांवरून वाटत होते. सरकारने आपली कार्यालये इंटरनेटवर नेली आणि त्यामुळे ज्यांची अडचण झाली, त्यांना हात देण्याचे काम न सांगता ग्रंथालयांकडे आले. त्याच काळात ग्रंथालयांचा पैसा काढून घेतला गेला.

हे कसे घडले ते समजण्यासाठी दोन प्रकारच्या पैशांतला फरक ध्यानात घ्यावा लागतो. ग्रंथालय बांधण्याचा निर्णय झाला तेव्हा महापालिकेत माइक व्हिटबी यांच्या नेतृत्वाखाली हुजूर पक्ष आणि लिबरल डेमोक्रॅट यांची आघाडी होती. १८ कोटी ८८ लाख पौंडांची ही इमारत ३ सप्टेंबर २०१३ रोजी मलाला युसुफझाई यांच्या हस्ते खुली झाली, तोवर सत्ता मजूर पक्षाच्या सर अल्बर्ट बोर यांच्याकडे आली होती. बांधकामाचा पैसा भांडवली खर्चातला, त्यासाठी कर्ज काढता येते. ग्रंथपालांचे पगार, वीज, नवी पुस्तके हा मात्र महसुली खर्च. त्यासाठी कर्ज काढण्याची इंग्लंडमधल्या महापालिकांना मुभा नाही आणि दरवर्षी अंदाजपत्रक तंतोतंत जुळवणे त्यांना कायद्याने बंधनकारक आहे. त्यामुळे कर्जाचे हप्तेच महिन्याला १० लाख पौंडांच्या घरात जाणारी एक भव्य वास्तू शहराच्या हाती आली आणि ती उघडी ठेवण्यासाठी लागणारा पैसा आटत गेला. सुनेसाठी दागिने घडवावेत आणि घरात दाणा नसावा, तशी ही गत झाली.

तो पैसा आटला त्याचे मूळ २०१० मध्ये आहे. त्या वर्षी हुजूर पक्षाचे डेव्हिड कॅमेरन पंतप्रधान झाले आणि अर्थमंत्री जॉर्ज ऑस्बर्न यांनी जूनमध्ये तातडीचा अर्थसंकल्प व ऑक्टोबरमध्ये चार वर्षांचा खर्च आढावा मांडला. २००८ च्या आर्थिक संकटानंतर फुगलेली तूट मुख्यतः खर्च कमी करून भरून काढायची, असे त्यांचे धोरण होते. आरोग्यसेवा आणि शाळा यांना त्यांनी बऱ्याच अंशी संरक्षण दिले, कारण तिथे घाव घातला तर मतदार थेट सरकारला जाब विचारतो. स्थानिक स्वराज्य संस्थांना असे संरक्षण नव्हते. राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाच्या पाहणीनुसार २०१०-११ ते २०१७-१८ या काळात केंद्राकडून त्यांना मिळणारा निधी, महागाई जमेस धरता, ४९.१ टक्क्यांनी घटला. यातील राजकीय चातुर्य लपत नाही. पैसा कापायचा लंडनमध्ये, पण कोणते वाचनालय बंद करायचे, कोणत्या पाळणाघराला टाळे लावायचे, हे ठरवायला लावायचे स्थानिक नगरसेवकांना. आणि मोठ्या शहरांत ते नगरसेवक बहुतेक मजूर पक्षाचे.

बर्मिंगहॅमसारख्या शहराला हा घाव अधिक खोल बसला. ज्या भागात घरे महाग, तिथे कौन्सिल टॅक्स या स्थानिक घरपट्टीचे उत्पन्न भरपूर आणि केंद्राच्या अनुदानावरचे अवलंबित्व कमी. ज्या शहरात गरिबी जास्त, तिथे उलट स्थिती. अनुदानात सर्वत्र सारख्या प्रमाणात घट केली तरी गरीब शहराच्या एकूण अंदाजपत्रकातला मोठा भाग जातो. कर वाढवून ती उणीव भरावी म्हटले, तर ठरावीक मर्यादेपलीकडच्या वाढीसाठी सार्वमत घ्यावे लागते. वृद्धांची व अपंगांची देखभाल आणि निराधार मुलांचे संरक्षण ही कामे तर कायद्याने टाळता येत नाहीत आणि त्यांचा खर्च वर्षागणिक वाढतच जातो. १९६४ च्या कायद्याने ग्रंथालय सेवा देणेही बंधनकारक आहे, पण ती किती तास, किती शाखांत आणि किती माणसांनी द्यायची हे त्या कायद्यात नाही. जिथे कायदा मोघम असतो, तिथेच कात्री चालते. ब्रिटनमध्ये २०१० नंतरच्या दशकात सुमारे ८०० वाचनालये बंद झाली ती या मार्गाने.

या ग्रंथालयाचे भाग्य, किंवा दुर्भाग्य म्हणा, असे की हे सगळे राजकारण त्याच्या अंगणात घडले. नाट्यगृहाच्या पलीकडे इंटरनॅशनल कन्व्हेन्शन सेंटर आहे आणि २००८ पासून हुजूर पक्षाचे वार्षिक अधिवेशन बहुतेक एक वर्षाआड तिथेच भरते. २९ सप्टेंबर २०१४ रोजी, ग्रंथालय उघडून जेमतेम वर्ष झाले असताना, ऑस्बर्न यांनी त्या सभागृहातून जाहीर केले की पुन्हा सत्ता आल्यास कामकरी वयातील लोकांचे बहुतेक भत्ते दोन वर्षे गोठवले जातील. दोनच दिवसांनी कॅमेरन यांनी तिथूनच आयकरात सवलतींचे आश्वासन दिले. त्या वर्षी ग्रंथालयाला २४ लाखांहून अधिक लोकांनी भेट दिली होती. लंडनबाहेर इतकी गर्दी खेचणारे दुसरे ठिकाण देशात नव्हते. आणि डिसेंबरमध्ये महापालिकेच्या अंदाजपत्रकाच्या मसुद्यात ग्रंथालय आठवड्याला ७३ ऐवजी ४० तास उघडे ठेवण्याचा आणि १८८ पैकी सुमारे निम्म्या कर्मचाऱ्यांना कमी करण्याचा प्रस्ताव आला. एप्रिल २०१५ पासून नवे वेळापत्रक लागू झाले. सोमवार-मंगळवार अकरा ते सात, बुधवार ते शनिवार अकरा ते पाच, रविवारी बंद. दिवसभर नोकरी करणाऱ्याने यायचे कधी आणि सुटीच्या दिवशी मुलांना आणायचे कधी, याचे उत्तर या वेळापत्रकात नाही. त्याच उन्हाळ्यात शहरातील काही शाखांमध्ये नवी पुस्तके घेणे बंद झाल्याचे सांगून वाचकांनी अलीकडची पुस्तके दान द्यावीत, अशी सूचना लागली. पुढे इंग्रजी व इतर भाषा शिकवणारे ब्रासहाउस केंद्र याच इमारतीत आले आणि तेवढ्यापुरती जाग वाढली, पण उद्घाटनाच्या वर्षीचे ग्रंथालय पुन्हा दिसले नाही.

यावर मतदारांनी काय केले? मे २०१५ मध्ये हुजूर पक्षाला ३३१ जागा देऊन स्वबळावर सत्तेत बसवले. मजूर पक्ष २३२ वर अडकला. खर्चकपातीने सत्ता जातेच असे नाही, हा त्या निवडणुकीचा कटू धडा होता. कपातीची झळ ज्यांना बसते ते विखुरलेले असतात आणि त्यांच्यातले बरेच मतदानाला जात नाहीत. ज्यांना कर कमी हवा असतो ते न चुकता जातात. शिवाय तुटीला मजूर पक्षाची उधळपट्टीच कारणीभूत असल्याचे चित्र कॅमेरन यांनी पक्के रंगवले होते. लियम बर्न या मजूर पक्षाच्या मंत्र्यांनी २०१० मध्ये खाते सोडताना ‘पैसा शिल्लक नाही’ अशा अर्थाची एक चिठ्ठी ठेवली होती. प्रचारात कॅमेरन ती सभांतून दाखवत असत. हे बर्न बर्मिंगहॅममधल्याच हॉज हिलचे खासदार.

मजूर पक्षाचे तत्कालीन नेते एड मिलिबँड यांची कोंडी मला या सगळ्या प्रकरणात सर्वांत बोधप्रद वाटते. कपातीला विरोध करावा तर बेजबाबदार ठरण्याची भीती, आणि तिचा स्वीकार करावा तर स्वतःच्याच नगरसेवकांना एकटे पाडल्यासारखे. सप्टेंबर २०१४ मध्ये मँचेस्टरच्या अधिवेशनात त्यांच्या पाठ केलेल्या भाषणातून तुटीवरचा भागच राहून गेला आणि विरोधकांच्या हाती आयते कोलीत मिळाले. जाहीरनाम्यात मग दरवर्षी तूट कमी करण्याची हमी अग्रभागी आली. परिणामी ग्रंथालयाचे तास निम्मे होत असताना, हे थांबवू असे ठामपणे म्हणणारा मोठा पक्षनेता देशात नव्हता. पराभवानंतर हंगामी नेत्या हॅरिएट हार्मन यांनी भत्ते कमी करणाऱ्या विधेयकावर मतदान टाळण्याचा आदेश दिला, तेव्हा ४८ खासदारांनी तो मोडला. नेतेपदाच्या चार उमेदवारांपैकी विधेयकाविरुद्ध मत देणारे एकटे जेरेमी कॉर्बिन होते, आणि सप्टेंबरमध्ये ते ५९.५ टक्के मतांनी नेते झाले. दाबलेला प्रश्न असा पक्षाच्या आतून उसळून आला. काटकसरीला उघड विरोध करूनही मते मिळतात हे २०१७ मध्ये ४० टक्के मतांनी दिसले. पण सत्ता मिळाली नाही आणि २०१९ मध्ये पक्ष २०२ जागांवर आला.

ऑक्टोबर २०१८ मध्ये शेजारच्याच सभागृहात पंतप्रधान थेरेसा मे यांनी काटकसर संपल्याचे सांगितले. ऑक्टोबर २०२२ मध्ये तिथे अधिवेशन चालू असताना लिझ ट्रस यांच्या सरकारला श्रीमंतांवरचा ४५ टक्क्यांचा कर रद्द करण्याचा निर्णय मागे घ्यावा लागला, आणि त्या महिनाअखेरीस त्यांचे पंतप्रधानपदही गेले. ऑक्टोबर २०२४ मध्ये ट्रस यांच्या पक्षाचे नेतेपदाचे चार उमेदवार भाषणे करायला तिथेच आले. त्यांच्यातल्या केमी बेडनॉक पुढे नेत्या झाल्या. या सगळ्या काळात ग्रंथालयाला उद्घाटनाच्या वर्षीचे तास परत मिळाले नाहीत.

महापालिकेला मात्र निर्दोष ठरवता येणार नाही. सफाई, स्वयंपाक आणि देखभालीची कामे करणाऱ्या स्त्रियांना तिने वर्षानुवर्षे पुरुषांपेक्षा कमी मोबदला दिला. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या दाव्यांचा मार्ग मोकळा केला आणि नंतर भरपाईपोटी १०० कोटी पौंडांहून अधिक रक्कम द्यावी लागली. त्यासाठी २०१५ मध्ये प्रदर्शन केंद्रांचा समूह ३० कोटी ७० लाख पौंडांना विकावा लागला. तरी नवे दावे उभे राहिले, त्यात ओरॅकल या कंपनीच्या संगणकीय लेखाप्रणालीची अंमलबजावणी फसली, आणि ५ सप्टेंबर २०२३ रोजी महापालिकेने अंदाजपत्रक जुळत नसल्याची कबुली देणारी कलम ११४ ची नोटीस काढून अत्यावश्यक नसलेला नवा खर्च थांबवला. त्याच्या चारच महिने आधी मजूर पक्षाच्या श्रेष्ठींच्या हस्तक्षेपाने इयन वॉर्ड यांच्या जागी जॉन कॉटन महापालिकेचे नेते झाले होते. केंद्राने आयुक्त नेमले, दोन वर्षांत सुमारे ३० कोटी पौंडांची बचत ठरली, कौन्सिल टॅक्स २०२४ मध्ये ९.९९ टक्क्यांनी व पुढच्या वर्षी ७.४९ टक्क्यांनी वाढला. शेजारच्या नाट्यगृहासह शहरातील मोठ्या कलासंस्थांचे अनुदान पूर्ण बंद करण्याचे ठरले. कर अधिक भरून सेवा कमी मिळवणारा नागरिक कोणावर चिडेल, हे सांगायला ज्योतिषी नको.

मजूर पक्षाचे केअर स्टार्मर यांनी जुलै २०२४ मध्ये ४११ जागा जिंकल्या, पण अवघ्या ३३.७ टक्के मतांवर. हा पाया रुंद असला तरी उथळ होता. त्याच महिन्यात अर्थमंत्री रेचल रीव्ह्ज यांनी सुमारे १ कोटी वृद्धांचा हिवाळी इंधनभत्ता काढून घेतला. हिशेबाच्या वहीत ती रक्कम लहान होती. राजकारणात फार महाग पडली. मे २०२५ च्या स्थानिक निवडणुकांत नायजेल फराज यांच्या रिफॉर्म यूके या उजव्या पक्षाने ६७७ जागा घेतल्या, आणि जूनमध्ये ३५,००० पौंडांपर्यंत उत्पन्न असणाऱ्यांना भत्ता परत मिळाला. माझ्या मते यातून दिसते ते एवढेच की मतदाराला थेट हातात मिळणारी गोष्ट काढून घेतली तर नेता महिन्यांत माघार घेतो, पण वाचनालयाचे तास कमी झाले तर दहा वर्षे उलटली तरी माघार कोणीच घेत नाही. स्टार्मर यांच्या पक्षाला शहरांतली मते टिकवायची असतील, तर स्थानिक सेवांना अनेक वर्षांची हमी देणारा निधी ही दानधर्माची बाब न मानता सर्वांत आधीचा खर्च मानावा लागेल. नाहीतर २०२४ मध्ये त्यांच्याच पक्षाच्या रिचर्ड पार्कर यांना, बर्मिंगहॅम ज्यात येते त्या पश्चिम मिडलंड्सचे महापौरपद मिळाले ते अवघ्या १,५०८ मतांनी, हा आकडा त्यांनी भिंतीवर लावून ठेवावा.

आता सेवेविषयीचा निवाडा. वास्तू, संग्रह आणि कर्मचारी यांना पाचपैकी पाच गुण, उपलब्धतेला दोन. बर्मिंगहॅमला जाणाऱ्या प्रत्येक मराठी वाचकाने अर्धा दिवस काढून हे ग्रंथालय पाहावे. आठवड्याच्या सुरुवातीला गेलेले बरे, आणि निघण्यापूर्वी त्या दिवसाची वेळ तपासून घ्यावी. आधी सरळ नवव्या मजल्यावर जाऊन शेक्सपिअर खोली पाहावी आणि मग एकेक मजला उतरत खाली यावे. तिथे राहणाऱ्यांनी सदस्य व्हावे, पुस्तके न्यावीत, संगणक वापरावेत, कारण पुढची कपात ठरवताना वापराचे आकडे पाहिले जातात. आणि मत मागायला दारात येणाऱ्या कोणत्याही पक्षाच्या उमेदवाराला, रविवारी हे ग्रंथालय कधी उघडणार आणि त्याचा पैसा कोणत्या खात्यातून येणार, असे दोन्ही प्रश्न एका दमात विचारावेत.